अकरा कोटांचं अस्तर

धाकटीच्या हातचा कोट अंगात घातला की माणूस ताठ चालायला लागतो, असं गल्ली म्हणायची. आणि धाकटीच्या तोंडी लागलं की तोच माणूस वाकून पळतो, असंही गल्लीच म्हणायची. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तिला लोकांनी पाठीमागे नाव ठेवलं होतं, कात्री. ते तिच्या कानावर आलं तेव्हा ती म्हणाली होती, "बोथट नाही ना म्हणत? मग ठीक आहे."

घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान. बेतायचं लांब टेबल, पायाची मशीन, भिंतीला माणसाएवढा आरसा, आणि कोळशाच्या जुन्या इस्त्रीने डागलेली फळी. कोळशाची इस्त्री जाऊन विजेची आली, पण फळी तिने बदलली नाही. गिऱ्हाइकांसाठी ती फक्त कोट शिवायची. कुणी सदरा घेऊन आलं तर त्याच्याकडे असं बघायची, की ते माणूस सदऱ्याबरोबर स्वतःलाही घडी घालून परत नेई. घाई करणाऱ्याला तर ती उभंच करत नसे. "लवकर हवाय? मग कोपऱ्यावरच्या झटपटकडे जा. तो कापड आणायच्या आधी शिवून ठेवतो."

झटपट म्हणजे कोपऱ्यावरचा शिंपी. शाळेचे गणवेश शिवायचा, दिवसाला वीस. धाकटीच्या लेखी तो शिंपी नव्हता, तो एक रोग होता.

तिला कोट शिकवला बाबांनी. बाबांनी कापड शिकवलं, कॅनव्हास शिकवला, टाका शिकवला, आणि त्या सगळ्याआधी एक गोष्ट शिकवली. सरळ शरीर देवाने अजून बनवलेलं नाही. कुणाचं पोट पुढे, कुणाची पाठ गोल, कुणाचा एक हात लांब. माप घेताना शिंप्याला सगळं दिसतं. दिसलं ते वहीत लिहायचं, कोटात लपवायचं आणि तोंडाने कधीही बोलायचं नाही. गिऱ्हाइकाचं व्यंग शिंप्याच्या पोटात राहतं. म्हणून माप घेतानासुद्धा बाबा आकडा मोठ्याने उच्चारत नसत; ओठ मिटून लिहीत. बाबांना जाऊन चौदा वर्षं झाली. धाकटीने जगातल्या प्रत्येकाला काही ना काही सुनावलं होतं, पण टेबलापाशी उभ्या राहिलेल्या माणसाला त्याच्या शरीराबद्दल एक अक्षर ती बोलली नव्हती. तोंडाळ बाईची ही एक गोष्ट कुणाला माहीत नव्हती.

मागच्या दोन खोल्यांत ती आणि थोरली राहायच्या. दोघींची लग्नं झाली नाहीत. का झाली नाहीत, याची कारणं गल्लीकडे पुष्कळ होती; त्यांच्याकडे एकही नव्हतं. थोरली चार वर्षांनी मोठी. मोठ्या कचेरीत तिचं टेबल होतं, प्रवासाच्या मंजुरीचं. कुठला अधिकारी कुठल्या गावी जाणार, कशाने जाणार, किती दिवस राहणार, त्या प्रत्येक कागदावर तिची सही लागे. एकोणतीस वर्षं तिने लोकांना गावोगाव पाठवलं आणि स्वतः रोज संध्याकाळी सहा वाजता घरी आली. कचेरीचा नियम होता कोटाचा. राखी रंग, तीन बटणं. ते सगळे कोट या घरातच शिवले गेले.

तिची नोकरी शुक्रवारी संपली. शनिवारी सकाळी तिने कपाट उघडलं, अकरा कोट दोन्ही हातांवर घेतले, पुढच्या खोलीत आली आणि टेबलावर टाकले. ठेवले नाहीत. टाकले.

धाकटी काज करत होती. तिने सुई थांबवली.

"हे काय?"

"कोट."

"आंधळी झाले नाही अजून. इथे का?"

"उसवायचेत," थोरली म्हणाली. "आतलं अस्तर तेवढं हवंय मला. त्याचे दोन सदरे शिवून दे. हलके. रात्री धुतले की सकाळी वाळले पाहिजेत. विजारी मी आणल्यात."

"आणल्यात म्हणजे?"

"विकत."

धाकटीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. या घरात विकतचं कापड येई, विकतचा कपडा कधी आला नव्हता.

"कुठे निघालीस एवढी हलकी होऊन?"

"गुरुवारी सकाळच्या बसने. आधी समुद्राकडे. मग पुढे ठरवीन. ज्या गावांचे कागद मी भरले ना, ती गावं बघायचीत मला. एक पाठीवरची पिशवी. दोन सदरे, दोन विजारी, एक शाल. सगळं मिळून एका कोटापेक्षा कमी भरलं पाहिजे. वजन केलंय मी कोटाचं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर. सव्वा किलो! एकोणतीस वर्षं सव्वा किलो अंगावर घेऊन बसले मी, उन्हाळ्यातसुद्धा."

"परत कधी?" हे धाकटीला विचारायचं होतं. तिच्या तोंडून निघालं ते असं, "आणि घराची किल्ली कोण सांभाळणार? मी कामात असते."

"तू घरातच असतेस."

"म्हणजे मी राखणदार."

"मी काही म्हटलं नाही. परत कधी ते ठरवलं नाही मी अजून."

धाकटी एकटी अशी एक रात्रही राहिली नव्हती. आई गेली तेव्हा बाबा होते, बाबा गेले तेव्हा थोरली होती. संध्याकाळी सहाला दार वाजणार नाही, ही गोष्ट तिच्या मनात उभीच राहीना. पण भीती कबूल करायची तिला सवय नव्हती, रागाची होती. तिने वरचा कोट उचलला, त्याची कॉलर बोटांनी दाबली.

"यात तीन थर आहेत. हातटाक्याने बसवलेत. एकेका कोटाला अकरा दिवस लागलेत मला. आणि तुला आतलं फडकं हवंय?"

"आतलंच तर चांगलं आहे," थोरली शांतपणे म्हणाली.

तेही खरं होतं. बाहेरून सगळे कोट राखी, पण आत धाकटी आपल्या मनासारखं अस्तर लावायची, कुणाला दिसणार नाही म्हणून. एकाला जांभळट, एकाला मोरपंखी, एकाला पिकल्या लिंबासारखं पिवळं. मऊ, सुतात रेशीम मिसळलेलं. तिची सगळी हौस त्या आतल्या बाजूला होती, आणि थोरलीला ते माहीत होतं हे तिला आज कळलं. त्याचाही तिला रागच आला.

"मी माझ्या हातचं उसवत नाही," ती म्हणाली. "मी कसाई नाही. तुला हवं तर तूच उसव. ब्लेड तिथे आहे. बोट कापलं तर माझ्याकडे येऊ नकोस."

इथे धाकटी चुकली. एखाद्या साध्या शिंप्यानेही ही चूक केली नसती. पण तिला राग आला होता, आणि रागात ती एक गोष्ट विसरली, कारण ती गोष्ट तिच्यासाठी सुईत दोरा ओवण्याइतकी अंगवळणी होती.

रविवारी थोरली मागच्या खोलीत जमिनीवर चादर पसरून बसली. पुढच्या खोलीत धाकटीला टाके तुटल्याचा आवाज येत राहिला, कर्र कर्र, जसं कुणी तिच्याच अंगावरची खपली काढतंय. तिने मशीन मुद्दाम जोरात चालवली. मशीनवर कापड नव्हतंच.

थोरली कचेरीची बाई. तिला उसवतानाही शिस्त. बाह्यांवर बाह्या, पाठीवर पाठी, अस्तरावर अस्तर, बटणं वाटीत. प्रत्येक कोटाच्या खांद्यात कापसाची गादी असते, शिंपी तिला पॅड म्हणतात. ते पॅडसुद्धा तिने उजवे उजवीकडे रचले आणि डावे डावीकडे. दुपारी अकरावा कोट संपला तेव्हा तिने दोन्ही ढिगांकडे पाहिलं. एकोणतीस वर्षं आकडे जुळवलेली नजर ती.

"इकडे ये जरा," तिने हाक मारली.

धाकटी दारात आली आणि तिथेच थबकली. उजव्या पॅडांचा ढीग होता चार बोटं उंच. डावा होता वीतभर.

"दोन्हीकडे अकराच आहेत," थोरली म्हणाली. "मोजले मी. मग हे असं कसं? चुकलं की काय तुझं माप?"

नुसतं "हे असं कसं" एवढ्यावर ती थांबली असती तर धाकटीने काहीतरी थाप मारली असती. कोटाची पद्धतच असते तशी, असं काहीही. बाबांची शिकवण टिकली असती. पण "चुकलं की काय" हे तिला झोंबलं. आणि त्याच क्षणी तिला हेही दिसलं, की गुरुवारची बस थांबवायची तर हेच एक हत्यार हातात आहे.

"माझं माप चुकलं?" ती म्हणाली. "माझं? तुझं शरीर चुकलंय, ताई. शिडीवरून पडलीस ना एकोणिसाव्या वर्षी? खांद्याचं हाड वाकडं जुळलं. डावा खांदा खाली आहे तुझा. चांगला दिसण्याइतका खाली. बाबांनी पहिल्या मुलाखतीच्या कोटात पॅड घातलं, त्यांच्यानंतर मी घातलं. घरच्या कपड्यांतही पातळ पट्टी घालते मी, तुला कधी कळलं का? तू जी ताठ चालतेस ना कचेरीच्या पायऱ्यांवरून, तो ताठपणा माझ्या कापसाचा आहे."

थोरलीचा हात डाव्या खांद्याकडे गेला.

"आता जा," धाकटी म्हणाली. "त्या हलक्या सदऱ्यात जा गावोगाव. बघू दे लोकांना."

बाबांची एकच गोष्ट तिने आजवर मोडली नव्हती, ती मोडली. मोडताना तिला वाईट वाटलं नाही, आणि हेच खरं वाईट होतं.

थोरली उठली. पुढच्या खोलीत गेली, आरशासमोर उभी राहिली. घरचा सदरा खांद्यावरून ओढून तिने आतली पट्टी दातांनी तोडली. पुन्हा आरशात पाहिलं. मग हळूच म्हणाली, "म्हणून पट्टा घसरतो होय. आणि मी इतकी वर्षं पर्स बदलतेय."

"ताई..."

"बाबांनी मला का सांगितलं नाही?"

"बाबा सभ्य होते."

"आणि तू?"

"मी तुझी बहीण आहे."

"हो," थोरली म्हणाली, "ते आज नीट कळलं." आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

सोमवारी ते दार उघडलंच नाही म्हणा ना. दोनदा पाण्यासाठी, एकदा आंघोळीसाठी. धाकटीने दोन कप चहा केला, एक दारापाशी ठेवला, तो तसाच गार झाला. पण तिच्या मनात गोड ऊब होती. जात नाही आता ही. चार दिवस फुगेल, महिनाभर टोमणे मारेल, मारू दे. टोमण्यांना टोमणे देता येतात. रिकाम्या घराला काय देणार? तिने टेबलावरचा राखी कोटाचा एक तुकडा उचलून बघितला. पुन्हा जोडता येईल, एखादा तरी, असा हिशेब तिने डोक्यात मांडायलाही सुरुवात केली.

मंगळवारी सकाळी थोरली काखेत गाठोडं घेऊन बाहेर पडली. कुठे, ते सांगितलं नाही. थोड्या वेळात रिकाम्या हाताने परतली. दुपारी पुन्हा गेली, आणि तासाभराने आली ती अंगात मोरपंखी सदरा घालून.

धाकटीने पाहिलं आणि तिच्या हातातला खडू मोडला.

कॉलरची दोन टोकं एकमेकांशी भांडल्यासारखी. बाही मुंढ्यात चुण्या घालून कोंबलेली. खांदे दोन्हीकडे एकाच मापाने कापलेले, त्यामुळे डावीकडे कापड ओघळून दंडावर गोळा झालेलं, आणि खालचा काठ डावीकडे दोन बोटं लोंबत होता. खांदा जेवढा वाकडा होता त्याच्या दुप्पट वाकडी बाई दिसत होती.

"कुणी शिवलं हे?" विचारायची गरज नव्हती.

"झटपटने. सकाळी दिलं, दुपारी मिळालं. काही बोलला नाही तो. बाई, बाही लांब हवी का, एवढंच विचारलं."

"बोलेल कशाला? त्याला दिसतच नाही काही! हा सदरा आहे? हा अपघात आहे! यातून जिवंत बाहेर कशी आलीस तू?"

"मला चालतो."

"माझं अस्तर होतं ते! मी निवडलेलं!"

"माझे कोट होते. गुरुवारी मी हाच घालून जाणार आहे."

म्हणजे जाणारच होती. धाकटीची ऊब एका क्षणात विझली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण या घरातल्या दोघींना सारखीच लागू होती. एकीला वाटायचं ती फक्त दुसरीला लागू आहे.

धाकटीच्या मनात दोन गोष्टी भांडत होत्या. जाऊ दे हिला त्या चिंध्यांत, गल्ली हसेल, चार दिवसांत लाजून परत येईल. ही एक. दुसरी गोष्ट शब्दांत नव्हती. डोळ्यांपुढे फक्त तो ओघळलेला खांदा येत होता. ज्या खांद्यासाठी तिने आणि बाबांनी मिळून एकोणतीस वर्षं हात झिजवले, तो असा चव्हाट्यावर टांगलेला. तिने सांगितलं ते बोलून सांगितलं होतं. झटपटने तेच कापडावर लिहून दिलं होतं. आणि लिहून द्यायला लावलं कुणी?

बुधवारी सकाळी थोरली पुन्हा तोच सदरा घालून पिशवी भरत होती. धाकटी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काढ ते."

"नाही."

"काढ म्हणते ना. माझ्या दारातून हे बाहेर पडणार नाही. लोक म्हणतील, कात्रीच्या बहिणीचं कापड झटपटने कापलं."

"म्हणू दे. खरंच आहे."

"मी शिवते. उरलंय ना अस्तर? जांभळट आहे, पिवळं आहे. संध्याकाळपर्यंत दोन्ही देते."

थोरलीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "पॅड घालशील."

"नाही घालणार."

"पट्टी घालशील आतून. चोरून."

"नाही म्हटलं ना! माझा शब्द पुरत नाही तुला?"

"रविवारपर्यंत पुरत होता."

हे धाकटीने गिळलं. तिने आयुष्यात गिळलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या. ही त्यांतली सर्वांत कडू.

थोरली टेबलापाशी उभी राहिली. सवयीने ताठ, हनुवटी वर. धाकटीने टेप गळ्यातून काढली.

"सैल उभी राहा. मी पाहिलंय सगळं."

"सगळ्यांना सांगितलंस पण."

"तुलाच सांगितलं फक्त."

"मला सांगितलंस तसं कुणालाच सांगू नये." थोरलीने खांदे सोडले. डावा उतरला, हळूहळू, ओझं खाली ठेवावं तसा. "आकडे मोठ्याने सांग. ओठ मिटून लिहायचं नाही. माझं शरीर आहे, मला ऐकू दे."

धाकटीने माप घेतलं. आधी सवयीने तिचे ओठ मिटले. मग ती एकेक आकडा बोलत गेली. उजवा खांदा, डावा खांदा, उजवा मुंढा, डावा मुंढा. "डावा सव्वा इंच खाली," ती म्हणाली, आणि थोरली म्हणाली, "लिही."

असा कपडा तिने कधी बेतला नव्हता. आजवर तिचं सगळं कसब लपवण्यात गेलं. सरळ कोट शिवायचा आणि वाकडं शरीर त्यात भरायचं. आता कापडालाच शरीरासारखं उतरायला लावायचं होतं. डावा उतार जास्त, डावी बगल लहान, पाठीची शिवण मधोमध नाही तर अंगुळभर सरकलेली, म्हणजे घातल्यावर मधोमध येईल. कागदावर बेत काढला तो इतका वेडावाकडा दिसला की झटपटनेसुद्धा हसावं. अस्तराचे तुकडे लहान. तिने जांभळट आणि पिवळं जोडून घेतलं, जोड शिवणीत लपवला. दुपारचं जेवण झालं नाही. थोरलीने ताट आणून ठेवलं, "जेव" म्हणाली नाही. धाकटीने ताट बघितलं, "ने" म्हणाली नाही.

दिवस कलायच्या आत तिने दुसऱ्या सदऱ्याचाही शेवटचा टाका तोडला आणि एक सदरा थोरलीकडे फेकला. "घाल."

थोरलीने घातला. खांदा खाली होता, होता तसाच होता. पण कापड त्याच्यावर शांत बसलं होतं. कुठे ओढ नाही, कुठे झोळ नाही, खालचा काठ पाण्याच्या रेषेसारखा सपाट. वाकडी बाई वाकडीच दिसत होती, आणि चांगली दिसत होती. धाकटीला कळलं की आपल्या हातून आजवर झालेलं हे सर्वांत चांगलं काम. आणि हेच उद्या सकाळी बसमध्ये बसून निघून जाणार.

"कसा आहे?" तिने भांडल्यासारखं विचारलं.

"बाही लांब आहे जरा."

"बाही बरोबर आहे! हात आखडून धरलास तू!"

थोरलीने हात सोडला. बाही बरोबर होती.

गुरुवारी सकाळी पिशवी भरून झाली. थोरलीने ती काट्यावर ठेवली, आकडा बघितला, आणि झटपटचा सदरा पिशवीतून काढून बाहेर ठेवला. धाकटी दाराला टेकून उभी होती.

"तुलाही चल म्हटलं असतं," थोरली पट्टे बांधत म्हणाली. "पण तुझ्या जिभेचं वजन या पिशवीत मावायचं नाही."

"मला कोण विचारतंय. माझी गिऱ्हाइकं आहेत इथे."

"तीन."

"तीन तर तीन. ती पळून जात नाहीत."

"रविवारचं मी विसरणार नाही," थोरली म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"विसर म्हटलं कोणी?"

थोरली पायरी उतरली. गल्लीत समोरची दुकानं नुकती उघडत होती. झाडू थांबले, माना वळल्या. रोजची राखी बाई आज जांभळट-पिवळी होऊन चालली होती, एक खांदा खाली, आणि पाऊल पूर्वीपेक्षा भराभर पडत होतं. धाकटीच्या ओठांशी एक वाक्य आलं होतं, दोनच शब्दांचं, चुकलं माझं. ते बाहेर पडेना. त्याच्या जागी दुसरंच पडलं, आणि तेही सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"पिळायचं नाही तो! ऐकलंस का? नुसता झटकायचा आणि सावलीत टाकायचा!"

"कळतं मला!" थोरली न वळता ओरडली.

"काही कळत नाही तुला! उन्हात टाकशील, रंग जाईल!"

"जाऊ दे रंग!"

"जाऊ दे कसा? दुसरा कोण शिवून देणार आहे तिकडे? ताई! मी काय सांगतेय!"

थोरली कोपऱ्यावर वळली. धाकटी पायरीवर उभी राहून सांगतच राहिली, साबण कुठला, पाणी किती कोमट, टाका उसवला तर दोरा कुठला घ्यायचा, कुणाच्याही हातात द्यायचा नाही. समोरच्यांनी आपापले झाडू पुन्हा चालू केले. कुणी हसलं नाही.